खुर्द्याचा दुष्काळ आणि दुकानदारांची नाणी

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत किराणा दुकानदार, बेकरीवाले, औषधविक्रेते, जोडे विकणारे आणि दारूचे गुत्ते चालवणारे असे नाना धंद्यांतले लोक तांब्याच्या किंवा पितळेच्या लहान चकत्या पाडून घेत असत. एका बाजूला एखादे मुखवटाचित्र किंवा चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला दुकानाचे नाव, धंदा व पत्ता असे या चकत्यांचे सर्वसाधारण रूप असे. खाजगी माणसाने पाडलेल्या, नाण्यासारख्या दिसणाऱ्या पण कायद्याने नाणे नसलेल्या अशा वस्तूला टोकन म्हणतात, आणि ज्या टोकनावर व्यापाऱ्याची जाहिरात असते त्याला संग्राहकांच्या भाषेत ‘स्टोअर कार्ड’, म्हणजे धातूवर छापलेले दुकानाचे ओळखपत्र, असे नाव आहे. अशी टोकने आधी जाहिरात होती, मग चलन झाली आणि अखेरीस संग्रहाची वस्तू बनली, असा त्यांचा सरळ क्रम पुष्कळदा लावला जातो. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातील टोकनांचा इतिहास मात्र या क्रमात बसत नाही, कारण ही टोकने बाजारात फिरत होती त्याच वेळी संग्राहक ती गोळा करत होते, आणि ठसे कोरणारे कारागीर खास संग्राहकांसाठी वेगळी टोकने पाडून देत होते.

या प्रथेची मुळे त्याआधीच्या एका आर्थिक संकटात आहेत. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी जुलै १८३२ मध्ये ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या मध्यवर्ती स्वरूपाच्या बँकेची सनद वाढवण्यास नकार दिला, १८३६ मध्ये सरकारी जमिनीचे मोल सोन्याचांदीतच भरावे असा हुकूम काढला, आणि मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात धातूची नाणी देणे थांबवले. त्या मंदीत तांब्याच्या मोठ्या सेंटच्या आकाराची असंख्य टोकने बाहेर पडली. त्यांपैकी काहींवर जॅक्सन आणि त्यांचे उत्तराधिकारी मार्टिन व्हॅन ब्यूरन यांची टर उडवणारी गाढवे आणि पाठीवर तिजोरी वाहणारी कासवे होती, काहींवर गुलामगिरीविरोधी आवाहन होते, तर उरलेल्यांवर सरळसरळ दुकानांच्या जाहिराती होत्या. कनेटिकट राज्यातील वॉटरबरी आणि मॅसॅच्युसेट्समधील ॲटलबरो येथील बटणांचे कारखाने ही टोकने पाडत. धातूचा पत्रा कापून त्यावर छाप उमटवण्याची यंत्रे आणि कारागीर दोन्ही त्यांच्याकडे तयारच होते. सरकारी टांकसाळीची मक्तेदारी कागदावर असली तरी नाणे पाडण्याची कला अशा प्रकारे बटणवाल्यांच्या हातात होती, आणि पुढच्या संकटात तिचा उपयोग झाला.

दोन संकटांच्या मधल्या काळात संग्राहक तयार झाला. २१ फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने तांब्याचा मोठा, जड सेंट बंद करून त्याच्या जागी लहान सेंट आणण्याचे ठरले, आणि लहानपणापासून हाताळलेले नाणे आता दिसणार नाही म्हटल्यावर हजारो लोकांनी खिशातल्या आणि गल्ल्यातल्या जुन्या सेंटांची साले लावून मालिका जुळवायला सुरुवात केली. १८५८ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी ही नाणकशास्त्राला वाहिलेली संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी चार्ल्स बुशनेल यांनी व्यापाऱ्यांची कार्डे, राजकीय टोकने आणि निवडणुकीची पदके यांची यादी प्रसिद्ध केली. अमेरिकी टोकनांची शिस्तीने मांडणी करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. ऑगस्टस सेज या तरुण विक्रेत्याने तर प्रसिद्ध संग्राहकांच्या मुखवट्यांची पदके काढली आणि मालिकेतला पहिला मान बुशनेल यांना दिला. संग्रह करणाऱ्याचेच चित्र संग्रहाच्या वस्तूवर यावे, इतका हा छंद तीन-चार वर्षांत स्वतःवर खूश झाला होता. युद्ध सुरू झाले तेव्हा नवे टोकन दिसले की ते बाजूला काढून ठेवणारी आणि त्याची जात ओळखणारी माणसे अमेरिकी शहरांत हजर होती, ही पुढील घटनाक्रमातील महत्त्वाची बाब आहे.

युद्धाचा खर्च वाढू लागला तशी बँकांची धातूची गंगाजळी आटत गेली आणि डिसेंबर १८६१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे बंद केले. फेब्रुवारी १८६२ मध्ये काँग्रेसने सोन्याचा आधार नसलेल्या कागदी नोटांना कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. मागच्या हिरव्या छपाईमुळे त्या ‘ग्रीनबॅक’ म्हणून ओळखल्या गेल्या. सोने बाजारातून आधीच गेले होते; आता चांदीची पाळी आली. १८५३ मध्ये लहान चांदीच्या नाण्यांचे वजन सुमारे सात टक्क्यांनी उतरवलेले असल्यामुळे कागदी डॉलर थोडा घसरेपर्यंत ती टिकून राहिली, परंतु घसरण त्या मर्यादेपलीकडे जाताच चांदीची अर्धा डॉलर, पाव डॉलर आणि डाइम (दहा सेंट) ही नाणी कॅनडात व लॅटिन अमेरिकेत नेणे फायद्याचे ठरले, आणि १८६२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांतच ती गल्ल्यांतून नाहीशी झाली. 

राहिला तो तांबे-निकेलचा लहान सेंट. त्याच्यातील धातूची किंमत दर्शनी किमतीहून कमी होती, म्हणजे तो वितळवून कोणाचा लाभ होणार नव्हता. तरीही तो दिसेनासा झाला, कारण सुट्या व्यवहारासाठी उरलेले ते एकमेव नाणे असल्याने प्रत्येकाने ते धरून ठेवले आणि सेंटच्या पुडक्यांवर वटणावळ, म्हणजे मोड करून देण्याचा जादा आकार, घेतली जाऊ लागली. काही वर्षांपूर्वी सेंट फार झाले म्हणून व्यापारी कुरकुरत होते, तेच आता त्यांच्यामागे धावत होते. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १८६१ मध्ये १,०१,००,००० सेंट पाडले होते. १८६२ मध्ये ही संख्या २,८०,७५,००० झाली आणि १८६३ मध्ये ४,९८,४०,००० वर पोहोचली, तरी मागणी पुरी होईना.

सुट्या पैशांवाचून मोठ्या शहराचा दैनंदिन व्यवहार कसा अडतो, याची कल्पना मोड नाही म्हणून हातावर गोळ्या ठेवणाऱ्या दुकानदारापुढे उभे राहिलेल्या कोणालाही करता येईल. त्या काळी गोळ्यांची जागा टपाल तिकिटांनी घेतली. अर्थमंत्री सॅमन चेस यांच्या सूचनेवरून १७ जुलै १८६२ च्या कायद्याने सरकारी देण्यांपोटी तिकिटे स्वीकारण्याची मुभा मिळाली, परंतु मागे डिंक असलेला कागदाचा कपटा उन्हाळ्यात हातोहात फिरू लागला की तो पाकिटाला, बोटांना आणि दुसऱ्या तिकिटाला चिकटतो. ही अडचण ओळखून जॉन गॉल्ट या उद्योजकांनी ऑगस्ट १८६२ मध्ये एका युक्तीचे पेटंट घेतले. तिकीट पितळेच्या गोल डबीत बसवायचे, वर पारदर्शक अभ्रकाची चकती लावायची आणि पाठीच्या पितळेवर व्यापाऱ्याची जाहिरात उठवायची. डब्या वॉटरबरीच्या स्कोव्हिल कारखान्यात बनत, आणि पाठीवरची जागा लोवेल येथील आयर कंपनीसारख्या औषधविक्रेत्यांनी आपल्या गोळ्यांच्या व सार्सापरिलाच्या प्रसिद्धीसाठी विकत घेतली. जाहिरातदारानेच चलनाचा खर्च उचलावा ही कल्पना येथे पूर्णत्वाला गेली. तथापि सरकारने लवकरच पाच सेंटपासून पन्नास सेंटपर्यंतच्या छोट्या कागदी नोटा काढल्या, त्यामुळे पाच सेंटच्या वरची निकड भागली आणि गॉल्ट यांच्या महागड्या डब्या मागे पडल्या. पाच सेंटच्या खाली मात्र पोकळी तशीच राहिली.

ही पोकळी १८६२ च्या शरद ऋतूत प्रथम पश्चिमेकडे, विशेषतः ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात भरून निघू लागली. तेथील जॉन स्टँटन आणि विल्यम लॅनफियर यांसारखे ठसे कोरणारे कारागीर दुकानदारांकडून मागणी घेऊन सेंटच्या मापाची टोकने पाडू लागले, आणि १८६३ मध्ये ही लाट न्यूयॉर्कसह उत्तरेकडील अनेक राज्यांत पसरली. व्यवसायाची रीत सोपी होती. कारागिराकडे मुखवटे, गरुड, ढाल, मुकुट अशा सर्वसाधारण चित्रांचे ठसे तयार असत. दुकानदाराने आपल्या नावाचा एक ठसा तेवढा कोरून घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूसाठी तयार ठशांतून एक निवडायचा. त्यामुळे शेकडो मैल अंतरावरच्या दोन दुकानांच्या टोकनांवर नेमके तेच चित्र सापडते, आणि कोणता ठसा कोणत्या कारागिराचा होता हे ओळखण्याचा मार्गही त्यामुळेच संग्राहकांना मिळाला.

त्यातले एखादे टोकन हातात घेतले तर त्याचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, म्हणजे सरकारी लहान सेंटइतका भरतो, पण जाडी आणि वजन कमी. दर्शनी बाजूला सरकारी सेंटवरचाच पिसांचा शिरपेच घातलेला मुखवटा, भोवती तारे आणि खाली १८६३ हा आकडा, इतके साधर्म्य की घाईत तो सेंट समजून घेतला जावा. मागच्या बाजूला पानांच्या वर्तुळात मोठ्या अक्षरांत ‘एक सेंट’ असे वाचले जाते, आणि डोळे बारीक केले की त्याच्या डोक्यावर बारक्या अक्षरांत ‘नाही’ हा अर्थ देणारा शब्द सापडतो. अशा पळवाटेला कारण होते. १८६२ च्या त्याच जुलैच्या कायद्याने एक डॉलरहून कमी किमतीची खाजगी देणी चलन म्हणून काढण्यास मनाई केली होती आणि त्यात टोकन हा शब्दही होता. आपण काढतो ते चलन नसून जाहिरात आहे असा बचाव हाताशी असावा म्हणून ही शाब्दिक काळजी घेतली जाई. प्रत्यक्षात खटले भरण्याची सरकारला ना फुरसत होती ना इच्छा.

या टोकनांचे तीन वर्ग मानले जातात. दुकानाचे नाव असलेली स्टोअर कार्डे हा पहिला वर्ग. दुसऱ्या वर्गात दुकानाचा उल्लेख नसलेली, ध्वज, तोफा आणि संघराज्याच्या ऐक्याच्या घोषणा असलेली देशभक्तिपर टोकने येतात. त्यांतील एका लोकप्रिय प्रकारावर, ध्वज उतरवणाऱ्याला जागीच गोळी घाला, या तेव्हाचे अर्थमंत्री जॉन डिक्स यांच्या १८६१ च्या हुकुमाचा मजकूर आहे, आणि त्याच्या एका ठशावर कारागिराच्या हातून ‘स्पॉट’ या शब्दात एक ओ जास्त पडला. तिसरा वर्ग सटलरांचा. सटलर म्हणजे सैन्याच्या पलटणीबरोबर फिरणारा परवानाधारक दुकानदार. मराठी वाचकाने बाजारबुणग्यांतील वाणी डोळ्यांसमोर आणावा. शिपायांचा पगार महिनोन्महिने थकत असे, तेव्हा सटलर त्यांना उधारीवर पलटणीचे नाव कोरलेली टोकने देई, ती फक्त त्याच्याच तंबूत चालत, आणि तेथील भाव तोच ठरवी. दुकानदाराच्या टोकनाची भिस्त विश्वासावर होती. सटलराची टोकने शिपायाच्या नाइलाजावर चालत. आज ती सर्वांत दुर्मिळ व महाग गणली जातात.

विश्वासाची मर्यादाही लवकरच दिसली. न्यूयॉर्कमधील गुस्ताव्हस लिंडेनम्युलर या बिअरच्या गुत्तेदाराने दाढीधारी मुखवट्याची आणि आपल्या नावाची टोकने इतक्या मोठ्या प्रमाणावर काढली की त्यांची संख्या दहा लाखांहून अधिक सांगितली जाते. संग्राहकांच्या परंपरेत नेहमी येणारी हकिगत अशी, की थर्ड ॲव्हेन्यू रेलरोड या घोड्यांच्या ट्राम चालवणाऱ्या कंपनीने प्रवाशांकडून भाडे म्हणून ही टोकने घेतली, ढीग साचल्यावर ती वटवून मागितली, आणि लिंडेनम्युलरने हसून नकार दिला. कंपनीला कायद्याने काही करता आले नाही. हकिगतीत मीठमसाला असू शकेल, परंतु तिने दाखवलेली उणीव खरी आहे. टोकन काढणारा कमी किमतीत एक चकती पाडून घेई आणि एका सेंटच्या मालाइतकी किंमत वसूल करी. ती परत घेण्याचे बंधन त्याच्यावर फक्त शेजारधर्माचे होते. लहान गावात, जेथे गिऱ्हाईक उद्या पुन्हा दारात येणार होते, तेथे हे बंधन पुरेसे ठरले. महानगरात ते पुरले नाही.

टोकनांचा खरा परिणाम टांकसाळीच्या विचारावर झाला. टांकसाळीचे संचालक जेम्स पोलॉक यांच्या ध्यानात आले की जनता सरकारी सेंटपेक्षा कितीतरी हलक्या, तांब्याच्या चकत्या कुरबूर न करता घेत आहे. सोन्याचांदीच्या नाण्यात लोक पूर्ण किमतीचा धातू अपेक्षितात. खुर्दा मात्र त्यांना हिशेब चुकता करण्यापुरता हवा असतो. निकेल मिसळलेला तेव्हाचा सेंट ७२ ग्रेन वजनाचा, कठीण धातूचा आणि ठसे झिजवणारा होता. पोलॉक यांनी त्याऐवजी ४८ ग्रेनचा, ९५ टक्के तांबे असलेला कांस्याचा सेंट सुचवला. निकेलच्या खाणीत हितसंबंध असलेल्या जोसेफ व्हार्टन यांच्यासारख्या उद्योगपतींनी विरोध केला, परंतु २२ एप्रिल १८६४ रोजी कायदा झाला. त्याने कांस्याचा सेंट व दोन सेंटचे नवे नाणे आणले, सेंटला दहा सेंटपर्यंतच्या देण्यासाठी प्रथमच कायदेशीर चलनाचा दर्जा दिला, आणि एक व दोन सेंटच्या जागी चालणारी खाजगी टोकने काढण्याबद्दल दंड व कैदेची शिक्षा ठेवली. ८ जून १८६४ च्या दुसऱ्या कायद्याने ही बंदी सर्व धातूंच्या व सर्व किमतींच्या खाजगी नाण्यांना लागू केली. खाजगी टोकनांवर बंदी घालणाऱ्या सरकारने स्वतःच्या नाण्याचे वजन, धातू आणि मूळ कल्पना त्या टोकनांकडूनच उचलली, हा या प्रकरणातील लक्षणीय विरोधाभास होय.

कांस्याचे सेंट मुबलक झाले तशी टोकने व्यवहारातून गेली. एकूण अडीच कोटींच्या आसपास टोकने पाडली गेली असा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि ती काढणाऱ्या व्यापाऱ्यांची संख्या सुमारे दीड हजार धरली जाते. यातली पुष्कळशी भंगारात गेली असणार. उरली त्यांपैकी मोठा वाटा त्या काळच्या संग्राहकांचा आहे. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी एडवर्ड ग्रोह यांनी टोकने चालू असतानाच ती जमवायला घेतली, आणि पाच हजारांहून अधिक नगांचा त्यांचा संग्रह पुढे सोसायटीकडे गेला. जे. एन. टी. लेव्हिक यांनीही अशाच चिकाटीने टोकने मिळवली व त्यांच्याविषयी लिहिले.

संग्राहकांच्या या ओढीची दुसरी बाजूही आहे. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर ठसे कोरणाऱ्यांनी एकाच टोकनाच्या प्रती पितळ, शिसवटी मिश्रधातू, निकेल आणि चांदीत काढून दिल्या, काही वेळा सरकारी डाइमवरच ठसा मारला, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठशांची जोडी लावून ‘म्यूल’ म्हणजे खेचर या नावाने ओळखले जाणारे संकर तयार केले. त्यामुळे टोकनांच्या दहा हजारांच्या घरातील ज्ञात प्रकारांपैकी अनेक असे आहेत की ते कोणत्याही गल्ल्यात कधी पडले नाहीत. इतिहासकाराच्या दृष्टीने झिजलेले, काळवंडलेले, डाग पडलेले साधे तांब्याचे टोकन हा व्यवहाराचा पुरावा ठरतो, तर त्याच ठशाची चकचकीत चांदीची प्रत छंदाचा पुरावा ठरते. बाजार मात्र दुसरीला अनेक पटींनी जास्त मोल देतो.

या पसाऱ्याला क्रम लावण्याचे काम विसाव्या शतकात झाले. जॉर्ज हेट्रिच आणि ज्युलियस गुटॅग यांची सूची १९२४ मध्ये निघाली. तिच्या पायावर जॉर्ज आणि मेल्विन फल्ड या पितापुत्रांनी देशभक्तिपर टोकनांची आणि पुढे १९७२ मध्ये स्टोअर कार्डांची सूची प्रसिद्ध केली. फल्ड पद्धतीत राज्याची अक्षरे, गावाचा क्रमांक, व्यापाऱ्याचे अक्षर, ठशांच्या जोडीचा क्रमांक आणि शेवटी धातूचे अक्षर असे ओळीने येते, त्यामुळे एका छोट्या संकेतावरून टोकनाचा सगळा पत्ता कळतो. दुर्मिळतेसाठी एक ते दहा अशी श्रेणी आहे. पाच हजारांहून अधिक नग शिल्लक असलेले टोकन पहिल्या श्रेणीत, तर एकच नग ज्ञात असलेले दहाव्या श्रेणीत मोडते. १९६७ मध्ये या एकाच विषयासाठी सिव्हिल वॉर टोकन सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांनी जुन्या शहर-निर्देशिका, म्हणजे रहिवासी व दुकाने यांच्या वार्षिक छापील याद्या, चाळून टोकनांवरील नावांमागची माणसे शोधली. त्यातून एरवी कोणत्याही ग्रंथात न आलेल्या शेकडो लहान व्यापाऱ्यांचे, त्यांतही मोठ्या संख्येने जर्मनीतून आलेल्या स्थलांतरितांचे, धंदे आणि पत्ते इतिहासाच्या हाती लागले.

दुकानदारांनी १८६४ नंतरही टोकने काढली, परंतु त्यांवर ‘पाच सेंटच्या मालाला चालेल’ अशा धाटणीचा मजकूर येऊ लागला, म्हणजे नाणे असल्याचा आव सोडून देऊन ती आपल्याच दुकानापुरती मर्यादित राहिली. खाजगी नाण्यांवरील जून १८६४ ची बंदी अमेरिकी दंडसंहितेत कायम आहे, आणि ‘लिबर्टी डॉलर’ नावाची खाजगी चांदीची नाणी चलन म्हणून फिरवल्याबद्दल २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायना येथील संघीय न्यायालयात झालेल्या दोषसिद्धीत याच तरतुदीचा आधार घेण्यात आला.